सायकलवर लांब जायचंय? सोलापूरकरांसाठी डॉक्टरांचा सल्ला



दिवाळी संपून सकाळी जरा गारवा पडू लागला की माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, सायकलवर लांब जायचं म्हणतोय. चालेल ना?" विचारणारे बहुतेक जण चाळीस ते साठ वयातले असतात. शाळा-कॉलेजात सायकल चालवलेली, मग मोटारसायकल आली आणि सायकल गच्चीवर गंजत पडली. आता मित्राने गिअरची सायकल घेतलेली असते, व्हॉट्सॲपवर कुणाचे तरी कन्याकुमारीचे फोटो आलेले असतात. सोबत पत्नी असेल तर लगेच दुसरे वाक्य येते, "यांना शुगर आहे, गुडघा दुखतो. तुम्हीच समजावा."

मी दोघांनाही समजावतो. मी स्वतः सोलापूरहून सायकलवर पंढरपूर, तुळजापूर, नळदुर्ग आणि विजापूर केलेले आहे, त्यामुळे ही इच्छा मला कळते. आणि ऊन लागलेले, शुगर उतरलेले, हात बधिर झालेले सायकलस्वारही मी तपासले आहेत, त्यामुळे घरच्यांची भीतीही कळते. या लेखात दोन्ही बाजू सांगतो.

लांब म्हणजे नेमके किती?

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून मार्च १९२८ मध्ये परत आले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली.

या लोकांचे कौतुक जरूर करा, पण त्यांचे आकडे आपल्या डायरीत लिहू नका. शर्यत वेगळी आणि प्रवास वेगळा. प्रवासात दिवसाला ५० ते ७० किलोमीटर, ताशी १२ ते १५ च्या वेगाने, मध्ये चहा, देऊळ, झाडाखाली अर्धा तास, आणि रात्री कुठेतरी मुक्काम. एवढे जमले की तुम्ही लांबचे सायकलस्वार झालात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसता आले पाहिजे, हीच त्याची परीक्षा.

आधी तपासणी कुणी करावी?

सराव सुरू करण्यापूर्वी पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे:

- वय ४० च्या पुढे आणि गेली काही वर्षे व्यायाम नाही
- मधुमेह, रक्तदाब, किडनीचा किंवा हृदयाचा आजार
- तंबाखू, मावा किंवा सिगारेटची सवय
- वडील, भाऊ यांना कमी वयात हृदयविकार
- जिना चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, अवाजवी धाप, चक्कर

बीपी, ईसीजी, साखर आणि किडनीची साधी तपासणी एवढे बहुतेकांना पुरते. गरज वाटल्यास डॉक्टर ट्रेडमिल टेस्ट सांगतील. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदनाही तपासून घ्या. पायाला बुटातला खडा कळत नसेल, तर ५० किलोमीटरनंतर तिथे जखम सापडेल.

सत्तेचाळीस वर्षांचे एक पेशंट ग्रुपबरोबर तुळजापूरला जाणार होते. बोलता बोलता म्हणाले, "चढाला छाती जरा भरून येते, पण पाच मिनिटं थांबलं की जातं." श्रम केले की येते आणि थांबले की जाते, असे छातीतले दडपण म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते. मी त्यांना थांबवले. ते नाराज झाले, कारण जर्सीसुद्धा शिवून तयार होती. ट्रेडमिल टेस्टमध्ये दोष निघाला आणि पुढच्या आठवड्यात त्यांना स्टेंट बसला. ग्रुप त्यांच्याविना गेला. तुळजापूरच्या अलीकडचा घाट आजही तिथेच आहे. हे गृहस्थ सध्या रोज सकाळी दहा किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवतात आणि घाटाची परवानगी मागायला दर महिन्याला येतात.

सायकल कोणती घ्यावी?

पहिल्या प्रवासासाठी नवी सायकल घेण्याची गरज नाही. ब्रेक चांगले, टायर बरे, चेनला तेल आणि मागे मजबूत कॅरिअर एवढे पुरते. गिअर असतील तर चढावर आणि वाऱ्यात गुडघ्यांना आराम मिळतो. नसतील तर सपाट रस्ता निवडा.

खरी गोष्ट आहे सीटच्या उंचीची. सायकलवाल्यांच्या गुडघेदुखीत सीट खाली असणे हे अगदी नेहमी सापडणारे कारण आहे. घरीच तपासा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. या स्थितीत पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. तोच योग्य.

- गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे.
- गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट बहुधा उंच आहे.
- एका वेळी अर्धा सेंटिमीटरच बदला आणि दोन-तीन दिवस चालवून पाहा.

जड गिअरवर ताकद लावून रेटू नका. हलका गिअर आणि मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या, अशी लय गुडघ्यांना मानवते.

तीन महिन्यांचा सराव

पहिला महिना आठवड्यातून चार दिवस, १० ते १५ किलोमीटर. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागत असेल तर वेग कमी करा.

दुसऱ्या महिन्यात रविवारची फेरी वाढवा: २०, २५, ३०, ३५. नान्नजचे माळढोक अभयारण्य बार्शी रस्त्यावर शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन चाळीस. पहाटे निघालात तर माळरान दिसेल आणि ऊन चढायच्या आत घरी याल.

तिसऱ्या महिन्यात एकदा अक्कलकोट करा. जाऊन-येऊन साधारण ऐंशी किलोमीटर होतात. मध्ये भरपूर वेळ थांबा. जेवढे सामान नेणार आहात तेवढे बांधून एक फेरी कराच, कारण मागे आठ किलो असताना सायकल वेगळीच वागते. आठवड्याचे एकूण अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवा. दर चौथ्या आठवड्यात थोडे कमी करा. स्नायू लवकर तयार होतात, पण गुडघ्याचे कंडरे आणि सीटवर टेकणारी त्वचा यांना जास्त वेळ लागतो.

सोलापूरचे ऊन

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर जातो. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत लांबचा पहिला प्रवास करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. तेव्हाही दुपारचे ऊन टाळा: पहाटे साडेपाच-सहाला निघायचे, अकरापर्यंत बहुतेक अंतर संपवायचे.

पाणी किती प्यावे? ऊन असेल तर साधारण तासाला अर्धा ते पाऊण लिटर, थोडे थोडे करून. तहान लागली की प्या. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद असेल तर कमी पडते आहे. पण घाबरून सतत नुसते साधे पाणी ढोसणेही चुकीचे. घामातून मीठ गेलेले असते आणि वरून फक्त पाणी पडले की रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो. म्हणून दोनपैकी एका बाटलीत ओआरएस ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी किंवा किडनीचा आजार असल्यास मिठाचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, त्या दिवशी त्या कशा घ्यायच्या हेही विचारा.

उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले, अंग तापले, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नका. सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला गार ओली फडकी लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

खायचे काय?

सोलापूरकरांना प्रवासाचे खाणे नव्याने शिकायला नको. कडक भाकरी आठवडाभर टिकते, शेंगाचटणीला पाणी लागत नाही. मुक्कामाला आणि मोठ्या थांब्याला याहून चांगले जेवण नाही. मात्र शेंगदाण्यातले तेल पचायला वेळ घेते, म्हणून चालवताना लगेच ऊर्जा देणारे खा: केळे, खजूर, गुळाचा खडा, थोडी चिक्की. दीड तासाहून जास्त चालवणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. भूक लागण्याआधी खा. ढाब्यावरच्या तेलकट पुरी-भाजीनंतर लगेच सीटवर बसू नका.

शुगर असेल तर: एका पेशंटची गोष्ट

त्यांच्या परवानगीने, ओळख न देता सांगतो. वय ५३, यंत्रमाग कारखान्यात कामाला. शुगर अकरा वर्षांची, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू. त्यांची आई दर आषाढीला पायी पंढरपूरला जायची. आई आदल्या वर्षी गेली. "डॉक्टर, एवढे दिवस खाडा केला तर घर चालत नाही. पण एकदा स्वतःच्या पायाने जायचंय. सायकलवर दोन दिवसांत होईल." पत्नी शेजारी बसली होती. तिचा भाऊ हृदयविकाराने अचानक गेला होता. ती म्हणाली, "रस्त्यात काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

दोघांचेही बरोबर होते. नाही म्हणणे मला सोपे होते. पण अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच स्वतःहून व्यायामाचे बोलत होते.

तपासण्या केल्या. हृदय ठीक, डोळे आणि किडनी ठीक, तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४. मी तीन महिने मागितले. ग्लुकोमीटर कसा वापरायचा हे दोघांनाही शिकवले. सायकल त्यांचीच जुनी काळी, बिनगिअरची. सीट दोन इंच वर घेतली तेव्हा म्हणाले, "अर्धं ओझंच उतरलं." सरावाच्या काळात गोळ्यांचा डोस मी दोनदा बदलला, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर श्रमाने झपाट्याने उतरू शकते. हा बदल प्रत्येकासाठी वेगळा असतो, तो स्वतःच्या मनाने करू नका.

त्यांना दिलेले नियम असे होते:

- निघण्यापूर्वी साखर तपासायची. १०० च्या खाली असेल तर आधी खायचे, मग निघायचे.
- २५० च्या वर असेल आणि बरे वाटत नसेल तर त्या दिवशी निघायचे नाही.
- दर तासाला थांबून थोडे खायचे आणि दर दोन तासांनी साखर तपासायची.
- थरथर, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड: लगेच थांबायचे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे.
- खिशात "मला मधुमेह आहे" अशी चिठ्ठी आणि घरचा फोन नंबर. सोबत एक जण हवाच.

डिसेंबरमध्ये ते पुतण्याबरोबर निघाले. मोहोळला, सुमारे ३५ किलोमीटरवर, हात थरथरू लागले. साखर ६८. त्यांनी साखर खाल्ली, पंधरा मिनिटे बसले, पुन्हा तपासली. वर आली तेव्हा केळे आणि अर्धी भाकरी खाऊन आणखी अर्धा तास थांबले आणि घरी फोन केला. पत्नीने आकडा विचारला, लिहून घेतला आणि "आता जा" म्हणाली. दुपारी दोनला ते पंढरपुरात पोहोचले.

लांबच्या श्रमानंतर साखर रात्रीही उतरते. हे फार जणांना माहीत नसते. म्हणून संध्याकाळची गोळी आम्ही आधीच ठरवल्याप्रमाणे कमी केली होती आणि झोपण्यापूर्वी तपासणी होती. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की परतीचा विचार सोडला आणि ओळखीच्या टेम्पोत सायकली टाकून दोघे घरी आले. तीही सोय आधीच करून ठेवलेली होती. अर्ध्यातून परत येण्याची व्यवस्था नसेल तर माणूस नको तेव्हाही रेटत राहतो.

त्यांची सरासरी साखर आता ७.३ आहे. गोळ्या सुटलेल्या नाहीत आणि सायकलही सुटलेली नाही.

नेहमीची दुखणी

*बसण्याची जागा:* सायकलची गादी लावलेली चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालू नका. तिच्या शिवणीनेच सोलते. निघताना व्हॅसलिन लावा. मुक्कामाला पोहोचताच अंघोळ करून कोरडे कपडे घाला. दर १०-१५ मिनिटांनी क्षणभर सीटवरून उठा. नाजूक भागाला बधिरपणा येत असेल तर सीट जास्त वर झुकलेली आहे का ते पाहा.

*हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होणे:* हँडलवर तळव्याचा भार सतत पडल्याने नस दबते. पकड बदलत राहा, कोपर थोडे वाकवा. बधिरपणा दोन-तीन दिवसांत गेला नाही तर दाखवा.

*पेनकिलर:* दुखायला लागले की गोळी खाऊन पुढे जायचे, हे करू नका. घामाने शरीर कोरडे पडलेले असताना ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीला इजा करू शकतात. लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद तपकिरी झाली तर थेट रुग्णालयात जा.

रस्ता

आपल्या जिल्ह्यात थंडीचा हंगाम म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागून दिसत नाहीत. अंधार पडल्यावर सायकल चालवू नका. पहाटे निघताना मागे लाल दिवा, पुढे पांढरा, अंगात चमकणारे जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट. कानात हेडफोन नको.

कडेच्या मातीत सराटे आणि बाभळीचे काटे असतात, म्हणून दोन जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या हव्यात. पंक्चर काढायला घरी चार वेळा शिका. कुत्रा मागे लागला तर उतरा आणि सायकल मध्ये धरा. चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतले नसेल तर निघण्यापूर्वीच घ्या.

पहिला प्रवास: पंढरपूर

सोलापूर-मोहोळ-पंढरपूर साधारण ७५ किलोमीटर. रस्ता बहुतेक सपाट, चहा-पाण्याची सोय जागोजागी, पंढरपुरात मुक्कामाला मठ आणि भक्तनिवास, उपजिल्हा रुग्णालयही आहे. एकादशीच्या आसपासची गर्दी टाळा. परतताना मंगळवेढ्यावरून या. वाटेत माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे देऊळ आहे, घाटावर सावलीत तासभर पडता येते. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती. आपल्याला एक तास पुरतो.

तुळजापूर त्यानंतर करा. अंतर कमी आहे, सुमारे ४५ किलोमीटर, पण शेवटचा चढ बालाघाटाचा आहे. चढ झेपला नाही तर उतरून ढकला. त्यात कमीपणा काही नाही.

ताबडतोब कधी थांबायचे?

- छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणे
- अवाजवी धाप, चक्कर, हृदयाचे ठोके अनियमित वाटणे
- उन्हात थंडी वाजणे किंवा घाम अचानक बंद होणे
- बोलण्यात गोंधळ
- सांध्याला सूज, किंवा प्रत्येक फेरीगणिक वाढणारे दुखणे

यातले पहिले चार असतील तर "जरा बसलं की बरं वाटेल" म्हणून वाट पाहू नका, मदत मागवा.

या आठवड्यात एवढेच करा: गच्चीवरची सायकल खाली आणा, दुकानात नेऊन ब्रेक आणि टायर पाहून घ्या, सीटची उंची वर सांगितल्याप्रमाणे लावा, आणि रविवारी सकाळी कंबर तलावापर्यंत जाऊन या. आजार किंवा गोळ्या सुरू असतील तर त्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. येताना घरच्या माणसालाही सोबत आणा. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तुमच्या प्रश्नांपेक्षा चांगले असतात.

शुभेच्छा!